साडेनऊ जीबीचे अण्णा

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. फार मोठी फाइल उघडायची असेल तर टेक्स्ट एडिटर कुठला घ्यावा, हा! सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या बाईंना या उठाठेवी कशाला, असं तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात येणार हे मला ठाऊक आहे. पण गेले चार महिने मी यातच बुडालेय, आणि घरातल्या मंडळींना फोनवर तुकड्यातुकड्याने सांगून घसा बसलाय. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे सगळ्यांचंच भागेल.

आधी फाइल कसली ते सांगते. माझे थोरले भाऊ अण्णा २०२३ साली गेले, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. निवृत्तीनंतर त्यांना मेलचा नाद लागला होता. मेल नव्हे, 'विरोप' म्हणायचे ते. त्या काळी मराठी जालावर तोच शब्द चालायचा. २००६ पासून दर रविवारी ते एक शब्द पाठवायचे. आईच्या बोलण्यातला. वैल, भाणवस, चुंबळ, रोवळी, घडवंची, उतरंड... शब्द, त्याचा अर्थ, आणि आई तो कधी, कोणाला, कशावरून म्हणायची याच्या पाच-सहा ओळी. बस्स.

पण यात एक मेख होती. शब्द सगळ्यांना कधीच जायचा नाही. ज्याला त्याची आठवण असेल त्या एकालाच जायचा. 'वैल' मला आला, कारण चुलीच्या वैलावर ठेवलेल्या दुधावर लक्ष ठेवायचं काम लहानपणी माझं होतं. (शहरातल्या नातवंडांसाठी : वैल म्हणजे चुलीचं बाजूचं दुसरं तोंड. तिथे वेगळा जाळ नसतो, मुख्य चुलीची आच आतून येते.) 'चुंबळ' धाकट्या मावशीला गेला, तिच्या डोक्यावरची घागर कधी डचमळली नाही म्हणून. 'घडवंची' चुलतभावाला, तो तिच्याखाली लपून बसायचा म्हणून. माझ्याकडे असे साठ-सत्तर शब्द असतील. मावशी आता नाही, तिचं मेलचं खातंही नाही. म्हणजे सगळेच्या सगळे शब्द असण्याची जागा जगात एकच. अण्णांच्या खात्यातलं 'सेंट'.

आणि ते खातं जाणार होतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं आणि त्या डिसेंबरपासून सुरुवातही केली. सुदैवाने अण्णा हिशेबी. गूगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. आपण ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही, तर आपण नेमलेल्या माणसाला कळवलं जातं आणि आपली परवानगी असेल तर त्याला आपली माहिती उतरवून घेता येते. अण्णांनी ती लावून ठेवली होती, आणि नेमलेला माणूस म्हणजे कॅनडातला माझा भाचा. त्याने सगळं उतरवून घेतलं. मंडळी, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण आज आपापल्या खात्यात ही सोय लावून ठेवा.

या हिवाळ्यात भाचा आला आणि म्हणाला, "आत्या, बाबांचं सगळं मेल एकाच फाइलमध्ये आहे. साडेनऊ जीबी. नाव बघ." नाव होतं 'ऑल मेल इन्क्लूडिंग स्पॅम अँड ट्रॅश', पुढे डॉट एमबॉक्स. कचऱ्यासकट सगळं! अण्णा असते तर या नावावर एक रविवार खर्ची पडला असता.

पहिली अडचण पेन ड्राइव्हवरच आली. बत्तीस जीबीचा रिकामा ड्राइव्ह, तरी साडेनऊ जीबीची फाइल त्यावर जाईना. कारण तो 'फॅट ३२' पद्धतीने आखलेला होता, आणि त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही, मग जागा कितीही असो. 'एक्सफॅट' पद्धतीने पुन्हा आखला तेव्हा गेली. आखताना ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, एवढं ध्यानात ठेवा.

आता एडिटर. टेक्स्ट एडिटर म्हणजे वर्ड नव्हे. ठळक, तिरपं, समास असलं काही न करता फाइलमध्ये जी अक्षरं आहेत ती तशीच दाखवणारं साधं साधन. विंडोजमध्ये नोटपॅड असतो तो सगळ्यांना माहीत. नोटपॅडने फाइल फार मोठी आहे, दुसरा एडिटर बघा, अशा अर्थाचा निरोप देऊन हात वर केले. वर्डपॅडचा प्रश्नच नव्हता. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून तो काढूनच टाकलाय.

हे असं का होतं, ते समजायला मला शाळेतलं जनरल रजिस्टर आठवलं. दाखल-खारीजचं ते भलंमोठं बाड. एखाद्या माजी विद्यार्थ्याला दाखला हवा असेल तर आमचे लेखनिक काय करायचे? कपाट उघडायचं, अनुक्रमणिकेवरून नेमकं बाड काढायचं, नेमकं पान उघडायचं. शाळा निघाल्यापासूनची सगळी बाडं टेबलावर आणून रचत बसायचे नाहीत. पण साधा एडिटर नेमकं तेच करतो. फाइल उघडायची म्हणजे ती अख्खी मेमरीत आणायची, असाच त्याचा स्वभाव. माझ्या लॅपटॉपची मेमरी आठ जीबी आणि फाइल साडेनऊची. शिवाय काही एडिटर आत घेताना प्रत्येक अक्षराला दोन बाइटची जागा देतात, म्हणजे एक बाइटची रोमन अक्षरं असलेली साडेनऊची फाइल आत येता येता एकोणीसची होते. टेबल मोडणार नाही तर काय!

त्यात आणखी एक जुनी भिंत आहे, दोन जीबीची. ३२ बिटांत धन-ऋण दोन्ही संख्या मांडायच्या तर मोठ्यात मोठी संख्या येते २,१४,७४,८३,६४७. फाइलमधली जागा अशा आकड्याने मोजणारा प्रोग्राम त्याच्या पुढे मोजूच शकत नाही. नोटपॅड प्लस प्लस घ्या. डॉन हो यांनी २००३ मध्ये काढलेला, फुकट, आणि रोजच्या कामाला मला फार आवडतो. त्याची ३२-बिटी आवृत्ती या भिंतीशी थांबते. ६४-बिटी आवृत्ती दोन जीबीच्या वरची फाइल दिसली की आधी विचारते, उघडायला काही मिनिटं लागतील, चालेल का? सभ्य आहे. पण तोही सगळी बाडं टेबलावर आणणाऱ्यांपैकीच, त्यामुळे मी 'नाही' म्हटलं.

तेव्हा पहिली कसोटी हीच : हा एडिटर फाइल अख्खी पोटात घेतो, की डिस्कवरच ठेवून लागेल तेवढं पान दाखवतो? जाहिरातीतलं बाकी सगळं नंतर वाचायचं.

दुसरी कसोटी मला चार दिवसांनी सुचली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. मला यात नेमकं काय करायचंय? लिहायचंय का? मुळीच नाही! अण्णांच्या फाइलमध्ये मी एक काना-मात्राही बदलणार नव्हते. मला वाचायचं होतं आणि शोधायचं होतं. आणि बदल करणं हे मोठ्या फाइलचं सगळ्यात जड काम. वहीच्या मधे एक ओळ घुसवायची तर पुढची प्रत्येक ओळ खाली सरकवून पुन्हा लिहावी लागते, तसंच डिस्कवर होतं. पहिल्या पानावर एक अक्षर वाढवून 'सेव्ह' म्हटलं तर साडेनऊ जीबी पुन्हा लिहिली जाणार, आणि त्यासाठी तेवढीच मोकळी जागा लागणार. जनरल रजिस्टरात खाडाखोड करायला आमच्या मुख्याध्यापकांची लाल शाईची सही लागायची. मी त्याच धर्तीवर फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'रीड-ओन्ली'वर खूण केली, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क देवघराच्या कपाटात टाकली.

या दोन कसोट्या लावल्यावर यादी पटकन आटोपली. नातीच्या लॅपटॉपवर काळ्या खिडकीत चालणारा 'लेस' बघितला. मार्क नूडलमन यांनी तो १९८० च्या दशकात लिहिला. त्याआधीच्या 'मोर' नावाच्या प्रोग्राममध्ये पुढे जाता यायचं पण मागे येणं जमत नसे, म्हणून हा केला आणि नाव ठेवलं 'लेस'! सुरू होण्याआधी तो फाइल पुरी वाचत बसत नाही. साडेनऊ जीबीचं पहिलं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी थक्कच झाले. पण काळ्या खिडकीत आपल्या देवनागरीचे फार हाल होतात. तिथे प्रत्येक अक्षराला सारख्या मापाची चौकट, आणि आपले काना-मात्रा-जोडाक्षरं चौकटीत बसणारी नव्हेत. 'विम'चंही तेच. विमबद्दल एक सांगते. त्याचे कर्ते ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ पासून तो फुकट वाटला, आणि उघडला की पहिल्या पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी विनंती येते. मोलेनार २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले. विनंती अजून येते. मला तो वापरता आला नाही, त्याच्या कळा पाठ करायचं हे वय नव्हे. पण ती विनंती वाचून बरं वाटलं.

शेवटी दोन उरले. एक 'एमएडिटर'. हा खास अवाढव्य फायलींसाठी नावाजलेला, सोळा टीबीपर्यंत चालतो असं बनवणारे सांगतात. मोठ्या फाइलचा हवा तेवढाच भाग उघडायची सोय त्यात आहे. अण्णांची फाइल उघडायला चहा होईस्तोवरचा वेळ लागला, पण उघडली, आणि देवनागरीही नीट दिसली. याला पैसे पडतात, मात्र आधी वापरून बघता येतो. दुसरा 'क्लॉग'. हा खरं तर एडिटरच नाही. संगणकवाल्यांना मैलोनमैल लांबीच्या नोंदवह्या वाचाव्या लागतात, त्यासाठी केलेला वाचक. फुकट आहे. फाइल डिस्कवरच ठेवतो, एकदा वरून खालपर्यंत नजर टाकून कुठली ओळ कुठे सुरू होते तेवढं टिपून घेतो. शोधायला शब्द दिला की सापडलेल्या सगळ्या ओळी खालच्या वेगळ्या खिडकीत मांडतो, त्यातल्या एकीवर टिचकी मारली की वर ते पान हजर. आणि त्यात काही बदलता येतच नाही. मला जे हवं होतं ते हेच.

(कुठलाही एडिटर घेतलात तरी मोठ्या फाइलला एक करा. ओळी पडद्याच्या रुंदीत दुमडायचं, रंगीत करायचं आणि शुद्धलेखन तपासायचं, हे तिन्ही आधी बंद करा. निम्मा वेळ तिथेच जातो.)

मग मी क्लॉगमध्ये 'चुंबळ' टाइप केलं. काही मिनिटं गेली आणि उत्तर आलं : शून्य.

'वैल' शून्य. 'भाणवस' शून्य. 'आई' शून्य! साडेनऊ जीबीत अण्णांच्या तोंडी 'आई' एकदाही नाही? मग सहज रोमनमध्ये 'सी-एच-यू-एम-बी-ए-एल' असं टाकलं, तर एक सापडला. २००६ चा. तेव्हा अण्णांना देवनागरी टाइप करता येत नव्हतं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे. म्हणजे रोमन सापडतं आणि देवनागरी सापडत नाही. एखादं देवनागरीतलं पत्र उघडून बघितलं तर तिथे मराठी नव्हतंच. ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरांच्या आणि आकड्यांच्या.

याचं नाव 'बेस ६४'. मेलची व्यवस्था मुळात साध्या इंग्रजी अक्षरांसाठी झाली, त्यामुळे बाकीचं सगळं, फोटो असो की ज्ञानेश्वरांची भाषा, चौसष्ट निर्धोक खुणांत बांधून पाठवायचं असा प्रघात पडला. मोठी रोमन अक्षरं २६, छोटी २६, अंक १० आणि वर दोन चिन्हं. तीन बाइट घ्यायचे आणि त्यांच्या चार खुणा करायच्या. आता आपली देवनागरी युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत प्रत्येक चिन्हाला बरोब्बर तीन बाइट घेते. च, उकार, अनुस्वार, ब, ळ. 'चुंबळ'ची पाच चिन्हं, पंधरा बाइट, वीस रोमन खुणा. हे कळलं तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन बसले, आणि खरं सांगते, इतकी मजा मला निवृत्तीनंतर आली नव्हती. कारण नीट बघितलं तर त्या गबाळात एक लय दिसते. प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या चार खुणा होतात आणि पहिल्या तीन कायम 'चार-के-एस' किंवा 'चार-के-डब्ल्यू' अशाच. बदलते ती फक्त चौथी. मी एक तक्ता केला आणि 'वैल'च्या बारा खुणा हाताने काढल्या.

पण तेवढ्याने भागत नाही. दोन शब्दांमधली मोकळी जागा एकच बाइट घेते. कवायतीत तीन-तीनच्या रांगा लावताना मधेच एक जादा मूल घुसलं की पुढच्या सगळ्या रांगांची फोड बदलते ना, तसं होतं. म्हणजे एकाच शब्दाची तीन वेगवेगळी रूपं. त्यातून मेलमध्ये दर शहात्तर खुणांनंतर ओळ तुटते, आणि शब्द नेमका तिथे आला की त्याचे दोन तुकडे. थोडक्यात, जगातला कितीही चांगला एडिटर आणला तरी ही फाइल अशी शोधून हाती लागणारी नव्हती. फाइलच्या आकारामुळे नव्हे, तर आपले शब्द आत त्यांच्या रूपात नव्हतेच म्हणून.

नात म्हणाली, "आजी, थंडरबर्डमध्ये घाल, तो सगळं उलगडून दाखवेल." ते खरंच आहे. फाइल निव्वळ मेलची असेल आणि वाचायचंच असेल तर तो सोपा मार्ग. एक जोड-प्रोग्राम घालून एमबॉक्स आत घेता येते. पण मला अण्णांनी पाठवलेलं तेवढंच, तारखेच्या क्रमाने, एका साध्या फाइलमध्ये हवं होतं, छापता येईल असं. मग तिने एका दुपारी पायथन भाषेत तीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. पायथनमध्ये एमबॉक्स वाचायची तयारी आधीपासूनच असते. तिने मला विचारलं, "यातलं पाठवलेलं कुठलं हे कसं ओळखायचं?" ते मी क्लॉगमध्ये वाचून सांगितलं. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर 'एक्स-जीमेल-लेबल्स' अशी ओळ असते, तिच्यात 'सेंट' असेल ते पाठवलेलं. पत्राची सुरुवात 'फ्रॉम' या शब्दाने आणि त्यापुढच्या मोकळ्या जागेने होते, हेही. आत काय आहे ते आधी कुणीतरी डोळ्यांनी बघावं लागतं. त्याशिवाय प्रोग्राम लिहिणाऱ्यालाही वाट सापडत नाही.

प्रोग्राम रात्री चालवला. सकाळी जी फाइल निघाली ती किती मोठी होती सांगू? सात एमबी! साडेनऊ जीबीतून सात एमबी. बाकी सगळे लोकांनी पाठवलेले सुप्रभातचे फोटो, पीडीएफ, बँकेची पत्रकं आणि लग्नांचे अल्बम, तेही बेस ६४ मुळे एक-तृतीयांशाने फुगलेले. सात एमबी म्हणजे ज्याने हात वर केले होते त्या नोटपॅडनेही निमूट उघडली. त्यात 'चुंबळ' लगेच सापडला, आणि मावशीला लिहिलेली ती पाच वाक्यं मी पहिल्यांदा वाचली.

(म्हणूनच ज्यांना स्वतःचं मेल उतरवायचंय त्यांना सांगते. गूगलच्या 'टेकआउट'मध्ये सगळं मेल न मागता फक्त हवं ते लेबल मागता येतं. 'सेंट' एवढंच मागा. मोठ्या फाइलचा एडिटर शोधायची वेळच येणार नाही.)

असो. इतकं झाल्यावर मूळ फाइल मिटून ठेवायला हरकत नव्हती. पण मोजणी जुळेना म्हणून मी ती पुन्हा क्लॉगमध्ये उघडली. २०११ आणि २०१२ मध्ये मला पाठवलेले अकरा शब्द नातीच्या यादीत होते, आणि ते मला कधीच आले नव्हते. त्या सुमारास माझा जुना पत्ता ज्या कंपनीचा होता तिने ती सेवा गुंडाळली. नवा पत्ता मी सगळ्यांना कळवला होता, पण अण्णांच्या संगणकाने जुनाच पाठ करून ठेवला असावा, नावाचं पहिलं अक्षर टाकलं की तोच पुढे यायचा. क्लॉगमध्ये 'मेलर-डीमन' शोधलं. हा रोमन शब्द, त्यामुळे पटकन सापडला. पत्र पोचलं नाही असं कळवणारे इंग्रजी निरोप, बरोबर अकरा. आणि प्रत्येकाच्या लेबलांत 'अनरेड'. इंग्रजी निरोप अण्णा उघडायचे नाहीत, जाहिरात समजून सोडून द्यायचे. म्हणजे पत्रं पोचली आणि मी उत्तर दिलं नाही, असंच त्यांनी धरलं असणार. भेटीत कधी विषय काढला नाही.

त्या अकरांपैकी एक शब्द 'वळचण' आहे. पावसात वळचणीला आलेली कुत्री आई कशी हाकलायची नाही, आणि मी शाळेतून भिजून आले की मला त्याच वळचणीला उभं करून आधी केस पुसायची, मग घरात घ्यायची, असं लिहिलंय. खाली विचारलंय, 'तुला आठवतं का?'

आठवतं.

आता राहिलेलं काम. नातीच्या फाइलमध्ये एकूण ५८७ शब्द निघाले. मी ते रोज दहा-पंधरा असे तपासतेय, नोटपॅड प्लस प्लसमध्ये, अक्षरं मोठी करून. सात एमबीला तो उत्तम आहे. शंका आली की मूळ फाइल क्लॉगमध्ये उघडून तारीख आणि पत्ता ताडून बघते. पण २००७ ची तेवीस पत्रं अडली आहेत. त्या वर्षी अण्णांनी शब्द फाइलमध्ये टाइप करून जोडले होते, युनिकोडमध्ये नव्हे तर तेव्हाच्या एका जुन्या मराठी फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांनाच देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. फॉन्ट नसेल तर खालचं रोमन गबाळ उघडं पडतं, आणि इथे कुठलाच एडिटर काही करू शकत नाही. फॉन्टचं नाव त्या फायलींत आहे, पण तो माझ्या संगणकावर नाही.

तेव्हा दोन विनंत्या. वहिनी, अण्णांचा तो जुना संगणक माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नका, त्याच्या डिस्कवर फॉन्ट मिळेल. आणि बाकीच्यांनी आपापल्या जुन्या मेलमध्ये २००७ चे रविवार बघावेत. कोणी तेव्हा छापून ठेवलेलं पान असेल तर त्याचा फोटोही चालेल. तेवीसपैकी सहा पत्रं सांगलीच्या आत्तेभावाला, चार मावशीला आणि बाकीची तुम्हा मुलांना गेली आहेत. कोणाला कुठल्या तारखेची, ती यादी प्रत्येकाला मेलने वेगळी पाठवते.